मी सुधारलेले स्कोअर

आयर्लंडमध्ये, सँट्री नावाच्या उपनगरातल्या ऑफिसात, दोन हजार दोनच्या सुमारास, अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या व्यावसायिक सामन्यांचे अंतिम स्कोअर कॉम्प्युटरवर चढवायचं काम आलं. अमेरिकेतल्या ग्राहकाला त्यातून विचित्र स्कोअरचा इतिहास काढायचा होता. मी टीम लीड, पुण्याचा. हा खेळ मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याचे नियम मला एका दुपारीतच कळले. टचडाउनचे सहा गुण आणि वर एक, किकचे तीन. या बेरजेत न बसणारा आकडा म्हणजे टायपिंगची चूक, असं ठरवून मी प्रोग्रॅमला सांगून ठेवलं की असा आकडा दिसला तर जवळचा शहाणा आकडा टाक. दोनाचे तीन, पाचाचे सहा. कुणाला विचारलं नाही.

आकडे भरायला नागपूरचे एक गृहस्थ होते. बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅला भागातल्या हॉस्पिटलात नर्स, तिच्यामागे ते आलेले. नागपुरात वीस वर्षं विद्यापीठाच्या मार्कलिस्टा भरल्या, एक आकडा चुकला नाही, हे ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत. आयरिश उच्चारांपुढे मात्र गप्प होत.

मग ग्राहकाचा फोन आला. विचित्र स्कोअरच्या इतिहासात एकही विचित्र स्कोअर नव्हता. सगळे सामने गुणी मुलांसारखे सरळ. चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे आडवं पाडलं तर समोरच्या संघाला दोन गुण मिळतात, हे मला तेव्हा कळलं.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "टायपिंग कुणाचं?"

सगळ्यांनी नागपूरकरांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"कागदावर दोनच होते जी," ते मला मराठीत म्हणाले. "मी पाहूनच टाकले. तुम्ही सांगा ना साहेब यांना."

मी भरभर इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, यापुढे काळजी घेतील."

"ग्रँड," मॅनेजर म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, विषय संपला.

जेवणाच्या सुट्टीत मी प्रोग्रॅममधली माझी ओळ काढून टाकली. दोन परत दोन झाले, पाच परत पाच. इतक्या झटपट दुरुस्तीबद्दल मला काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. नागपूरकरांचं कंत्राट महिनाअखेरीस संपवलं. जाताना ते नवा चष्मा लावून निरोप घ्यायला आले.

"नंबर वाढला नाही म्हणतो डॉक्टर, तरी घेतला. दोनाचं तीन काऊन दिसलं असन जी?"

"वयानं होतं," मी म्हणालो. तेव्हा ते बेचाळीसचे होते.

दोन हजार सातमध्ये टॅलाच्या एका दुकानात ते आणि त्यांची बायको भेटले. "या साहेबांनी मले लय सांभाळून घेतलं," त्यांनी बायकोला सांगितलं. मी त्यांचा फोन नंबर विचारला. त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"तिलेच विचारा. माह्या तोंडून आकडे चुकतात आता."

तिनं सांगितला, मी लिहून घेतला. हे सगळं त्या नंबरावर सांगायचं होतं. फोन मी अजून केलेला नाही.