टायरच्या भट्टीचं दार

हरसूलकडच्या डबेवाल्या मावशी नसत्या, तर एका निरपराध माणसाचं नाव माझ्याच हातून दोषारोपपत्रात गेलं असतं. ती घटना आठवली की आधी मावशी आठवतात, मग गुन्हा.

मी आठवीत शाळा सोडलेला. पुढे बाहेरून दहावी करून शिपाई झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. घर चंद्रपूरकडे, नोकरी नाशकात. कागद चुकेल ही धास्ती कायम. जेवणाचं मात्र मावशींनी कधी अडू दिलं नाही.

शहराबाहेर एक कारखाना होता. बंद भट्टीत जुने टायर तापवून तेल काढायचे. मागे काळी भुकटी आणि तारा उरायच्या. भट्टी गार झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा पहिला नियम. एका सकाळी भट्टी गरम असतानाच ते उघडलं गेलं. भडका उडाला, एका मजुराचे दोन्ही पाय भाजले. सुपरवायझरने फिर्याद दिली की दार हरसूलकडच्या दुसऱ्या मजुराने उघडलं आणि तो पळाला. मी त्याला फरार दाखवलं.

डबा ठेवताना मावशी हळूच म्हणाल्या, "दादा, तो गडी आमच्या पाड्यावर हाय. खाकी बघितली तर डोंगरात जाईल. साध्या कपड्यात चला. पण माझ्या शब्दावर येईल तो. उगाच आत टाकलं, तर मला पाड्यावर तोंड दाखवायला जागा नाय."

साहेबांची परवानगी घेऊन गेलो. तो अंगणात पालथा पडला होता. पाठ भाजलेली, वर कसलासा पाला.

"दार कोणी उघडलं?"

"मीच, सायेब."

"तोंड दाराकडे होतं की पाठ?"

"पाठ. तारा घेऊन चाललो व्हतो."

"मग उघडलं कशानं रे, पाठीनं?"

मावशी खवळल्या, "खरं बोल ना! एवढ्या लांबून ह्यांना काय तुझी पाठ बघायला आणलंय?"

तो रडायला लागला. "सुपरवायझर म्हनले, पोलीस तुलाच धरतील, पळ. नाय म्हनलं तर तुमी माराल, म्हनून मीच म्हनलो."

त्याला आधी सिव्हिलमध्ये नेलं. मग सुपरवायझरला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. डोळ्यांवर काळा गॉगल. "डोळे आलेत," म्हणाला. काढायला लावला, तर डोळे स्वच्छ. घाम फुटला तसं त्याने कपाळ पुसलं. डबा न्यायला आलेल्या मावशी ओरडल्या, "अगं बाई! ह्या साहेबांची भुवई रुमालात गेली!"

एका डोळ्यावर भुवई, दुसऱ्यावर नुसती लाल कातडी. भुवया बायकोच्या काजळाने काढलेल्या! ठाणे अंमलदाराला हसू आवरेना.

"दार त्याने उघडलं, आणि भुवया तुमच्या जळाल्या?" मी विचारलं.

त्याने कबूल केलं. पुढचा माल थांबला होता, म्हणून घाईने दार त्यानेच उघडलं होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून लगेच त्याची वैद्यकीय तपासणी करून घेतली. कपाळावर, हातांवर ताज्या खुणा निघाल्या. सिव्हिलमधला पाय भाजलेला मजूर बोलायच्या स्थितीत आला, त्याचाही जबाब जुळला.

पळाला म्हणजे गुन्हेगार, असं मी तोवर धरून चालायचो. माणूस नुसत्या भीतीनेही पळतो, आणि ती भीती आमचीच असते, हे तेव्हा कळलं.

पाड्यावरच्या गड्याचं नाव आरोपींतून निघालं, तशा मावशी त्याला एसटीत बसवून स्वतः पाड्यावर सोडून आल्या.

मावशी, माझ्यासारख्या परमुलखातल्या माणसावर भरवसा ठेवून तुम्ही सगळ्या पाड्यासमोर जबाबदारी घेतलीत. ते फेडायचं राहिलंय. तुमचं कोणीही, कुठल्याही ठाण्यात अडकलं, तर मला निरोप धाडा. वर्दी नसली तरी मी येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसेन.