अमेरिकेच्या गोधड्यांसमोर माझी वाकळ

आमच्या मुदखेडाकडं लगीन निघालं की घरोघरच्या वाकळा मागून नेतेत. पाव्हणे त्यावर झोपतेत. लगीन उरकलं की वाकळ परत घरला. कोपऱ्याला दोऱ्याची खूण करून द्यायची, बस. दिली म्हणजे गेली, आसं कुणाच्या मनात बी येत न्हाई.

नांदेडच्या म्युझियमातली बाई आली तवा मला तसंच वाटलं. गोड बोलणारी पोरगी. म्हणली, "आजी, अमेरिकेतल्या बायांनी हातानं शिवलेल्या गोधड्या येणारेत आमच्याकडं. त्यांच्या समोरच्या भिंतीवर आपल्याकडच्या लावायच्यात. तुमची देता का?"

माझी लेक बाळंतपणात गेली. तिच्या साड्यांची म्या ही वाकळ शिवली. तिची पोर मीच वाढवली. "तुझं लेकरू ह्याच्यावर निजवायचं," आसं त्या पोरीला लहानपणापासून सांगत आले.

माझा ल्योक म्हणला, "दे माय, चार लोक बघतील."

म्या दस्तखत केलं. नाव तेवढं काढता येतं मला. कागदावर काय हाय ते पोरानं वाचलं न्हाई अन् म्या इचारलं न्हाई.

पुढं नातीला दिवस गेले. सातवा लागला तसं पोराला म्हणलं, वाकळ आण बाबा. त्यानं फोन लावला अन् खाली बघत बसला. कागदावर 'कायमची भेट' लिहिलेलं. वरून त्या गोधड्या परत जाताना आमच्या वाकळा बी संगं जाणार, तिकडच्या लोकायला दाखवायला.

मग नातीला घेऊन मीच गेले.

मोठा थंड हॉल. एका भिंतीला अमेरिकेच्या, एका भिंतीला आमच्या. त्यांच्यातली एक निस्ती पँटींच्या कापडाची. गुडघ्याच्या जागी विरलेलं.

बाई म्हणली, "नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची शिवलीय, आजी."

टाके माझ्यावानीच वाकडे. म्या इचारलं, "हिनं राजीखुशीनं दिली का? का माझ्यावानी?"

बाई म्हणली, "माझ्या हातात असतं तर आत्ता काढून दिली असती. वरचे लोक ऐकत नाहीत. मी दोनदा अर्ज केला." डोळे भरले तिचे. तिच्यावर तरी काय चिडू?

माझ्या वाकळंपुढं दोरी बांधलेली. नात पोट सावरत पुढं झाली तसा वॉचमन वरडला, "ताई, दोरीच्या मागं. हात लावायचा न्हाई."

"माझ्या आईची हाय दादा."

"आसंल की. मी काय माझ्या बापाची म्हणून राखून राहिलो का?"

नात मला म्हणली, "आज्जे, आईच्या लग्नातली साडी कोणती गं?"

लग्नातली साडी अख्खीच्या अख्खी म्या पाठीला लावलेली, अस्तर म्हणून. अन् ह्यांनी रंगीत तुकड्यांची बाजू लोकांपुढं केलेली. साडी भिंतीकडं.

"बाई, घटकाभर उलटी करा. पोरीला बघू द्या."

"नाही जमत आजी. वरून पक्की बसवलीय. उतरवायला परवानगी लागते."

पोरीनं कडंला जाऊन भिंतीला गाल लावला, फटीतून काही दिसतं का बघितलं. वॉचमन न बघितल्यावानी दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. आत अंधारच व्हता.

येताना एसटीत तिनं इचारलं, "रंग कसला व्हता?"

"जांभळा."

"वांग्यावानी का जांभळावानी?"

म्या लई आठवून बघितलं. लेक मांडवात बसलेली आठवली, तिच्या हातातला चुडा आठवला. साडी म्हणलं की मला धुऊन धुऊन इटलेलाच रंग दिसायचा. नवा कसा व्हता, ते काही केल्या डोळ्यापुढं येईना. पोर माझ्या तोंडाकडं बघत व्हती.