सुभद्राआत्यानं टोपली खाली ठेवली

आमची सुभद्राआत्या होतीच तशी, अन् हे मी छाती फुगवूनच सांगतो. कोनाले बढाई वाटली तं वाटो, बापा!

तवा इंग्रजाचं राज होतं अन् वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले. बाळापूरच्या बाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा. तिथून बाजारात जायले एकच पांदन, वावरांच्या मधातली चिंचोळी वाट. दोन्हीकडून बाभळीच्या काट्याची वई, म्हनजे कुंपन. बाजाराच्या दिवशी आत्या, तिची सून वच्छला अन् मळ्यातल्या साऱ्या बाया वांगे, मेथी अन् सांबार, म्हनजे कोथिंबीर, डोक्यावर घेऊन तिथूनच निघत.

अन् तिथूनच गावचा तरणा पाटील जानराव घोडी उधळत ये. ‘हटा, हटा’ म्हनून बोंबले, पन लगाम काही ओढत नसे. बायांनी काट्यात उड्या माराव्या! एका बाजाराले वच्छला अशीच वईत पडली. हात सोलून निघाले, मेथी टापांखाली गेली. घरी येऊन ती रडतच म्हने, “मी नाई जात आता बाजारात.”

घरचे मानसं म्हनाले, नदीकडून फेऱ्यानं जात जा. आत्या अशी भडकली राजेहो!

“काहून? वाट का त्याच्या घोडीनं इकत घेतली? आज वाट सोडली तं उद्या बाजार सुटते. मंग मळा कायले पिकवता?”

पुढच्या बाजाराले वच्छलाले संग घेऊन आत्या सगळ्यांच्या पुढं चालली. पांदनीच्या मधात टापा ऐकू आल्या. आत्यानं टोपली उतरवली अन् वाटेतच ठेवली. मांगच्या बायांनीही ठेवल्या. घोडी धावून राहिली होती, आत्या काही हालली नाई. वच्छलानं तं डोयेच मिटले. जानरावानं कसाबसा लगाम ओढला.

“मराचं हाये का वो? हट!”

“हटतो ना जी,” आत्या म्हनाली, “पन टोपली डोक्यावर द्या लागते.”

भरली टोपली एकटीले उचलता येत नाई. म्हनून रस्त्यात कोनी ‘जरा हात लावा’ म्हनलं तं आमच्या मुलखात नाई म्हनत नाईत, वैरीसुद्धा हात लावते. जानराव घुटमळला. मांगं फिरावं तं वावरातले मानसं पाहून राहिले होते. उतरला बिचारा! एकीची टोपली दिली की दुसरी पुढं. पाटलाचा सदरा घामानं भिजला.

शेवटी वच्छलाची पाळी. तिचे हात पाहून तो थबकला.

“हे कायनं झालं?”

“तुमच्या घोडीच्या भेवानं जी.”

जानरावानं टोपली दिली, अन् घोडीचा लगाम हातात धरून बायांच्या मांगं बाजारापर्यंत पायी गेला.

तवापासून तो पांदनीच्या तोंडाशीच उतरे. पुढं ठान्यात नवा जमादार आला. तो घोड्यावर पांदनीत शिरला, तं जानरावानंच त्याले अडवलं.

“उतरा जमादारसाहेब. इथून बाया डोक्यावर वजन घेऊन येतात. इथं पायी चालाचं.”

जमादार गुरकावला, “हुकूम कोनाचा? तहसीलदाराचा?”

“नाई जी,” जानराव म्हनाला, “सुभद्राबाईचा.”

अन् जमादार उतरला.