पाण्यातले जीव घरी पोचवणारे आप्पा

आमच्या घरमालकांएवढा हट्टी माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नसेल. आणि मजा अशी की उभ्या जन्मात त्यांनी कुणाला 'असं कर' किंवा 'तसं करू नको' म्हटलेलं मी ऐकलं नाही. आम्ही मूळचे वडूजचे. वडील तलाठी, त्यामुळं बदली होऊन तासगावच्या पुढच्या एका गावात येऊन पडलो आणि या जैन शेतकऱ्याच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीपण आप्पाच म्हणायचो. मी तेव्हा मॅट्रिकला गणितात उडालेलो, म्हणजे पूर्ण मोकळा. दिवसभर एकच काम, आप्पांची नक्कल करणं.

नक्कल करायला माल भरपूर होता. चुलीत घालायचं प्रत्येक लाकूड आप्पा आधी जमिनीवर तीनदा आपटायचे, आत मुंगी-किडा असला तर बाहेर पडावा म्हणून. आपटून झालं की लाकडाला कान लावायचे, आत कुणी मागं राहिलंय का ऐकायला. त्यांच्या बायको, आमच्या काकी, तोवर पीठ मळून, हात धुऊन, चुलीपुढं वाट बघत बसलेल्या असायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणजे उरकायचं. एकदा साताऱ्याहून येताना सूर्य टेकायला आला, तर आप्पांनी कंडक्टरला इतक्या गोडीत विनंती केली की गाडी एका वडाखाली थांबली. आप्पा दगडावर बसून भाकरी खायला लागले. एकट्यानं खाणं बरं दिसत नाही म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातावरही शेंगाचटणी-भाकरी ठेवली. चाळीस माणसं खिडकीतून कधी सूर्याकडं बघत होती, कधी आप्पांच्या घासाकडं. आधी कोण संपतंय याच्यावर मागच्या सीटवर चहाची पैज लागली होती. आप्पा जिंकले, पण अगदी थोडक्यात.

आमच्या घरात रविवारी मटण शिजायचं. आप्पांनी आईला कधी चकार शब्दानं अडवलं नाही. फक्त आमच्याकडं फोडणीचा वास सुटला की त्या दिवशी ते आपल्या घरात उपास धरायचे. आईला हे तिसऱ्या रविवारी कळलं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून मला न्हाई घास गिळायचा." झालं, मटण बंद. वडील पुढं वर्षभर आप्पांच्या नावानं बोटं मोडत होते आणि रोज संध्याकाळी त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसत होते. घरातल्या पोराबाळांनाही आप्पांची शिकवण हीच. ते करत राहायचे आणि आपल्याला लाज वाटायला लागायची.

पण खरा कहर बघितला तो बहात्तरच्या दुष्काळात. आप्पांच्या घरी पाणी जाड फडक्यातून गाळूनच वापरायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्यांची. गाळल्यावर फडक्यात जे राहतं, त्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. ते फडकं गाळलेल्याच पाण्यानं तांब्यात खंगाळायचं आणि ते पाणी, त्याला ते जिवाणी म्हणत, ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत सोडायचं. तेसुद्धा वरनं ओतायचं नाही, जिवांना आपटी बसते. तांब्या दोरीनं पाण्याला टेकवायचा आणि बुडाच्या कडीला बांधलेली दुसरी दोरी ओढून हळूच कलता करायचा. परड्यातल्या विहिरीला पाणी होतं तोवर हे ठीक होतं. तिनं तळ दाखवला आणि पाणी तीन मैलांवरच्या एका मळ्यातनं बैलगाडीनं यायला लागलं. मग काय, आप्पा रोज चार वाजता हँडलला तांब्या अडकवून, गळ्यात दोरी टाकून सायकलवर निघायचे. साठीचा माणूस त्या भट्टीसारख्या उन्हात तीन मैल जाणार, दिसत नाहीत त्यांना घरी सोडणार आणि तीन मैल परत येणार. वाटेत लोक विचारायचे, "आप्पा, पाव्हणं पोचवाय निघाला व्हय?" आप्पा मान हलवून व्हय म्हणायचे.

त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, सांगलीला बी.एस्सी. करायचा, सुट्टीत घरी आला होता. त्याला या सगळ्याची लय शरम वाटायची. अशात एक दिवस आप्पा तापानं फणफणले. तरी चार वाजता उठले, सायकलीला हात घातला आणि तिथंच खाली बसले. बसूनच पोराकडं बघितलं.

"मी न्हाई जाणार," पोरगा म्हणाला. "आप्पा, त्या विहिरीत सरकारनं लाल औषध टाकलंय. त्यातलं जीव कवाच मेल्यात."

आप्पा म्हणाले, "मेलं असलं, तर त्यास्नी घरी पोचवाय नको व्हय रं?"

पोरगा जागचा हलला नाही. आप्पा सायकल धरून पुन्हा उठायला लागले तेव्हा मीच तांब्या-दोरी घेऊन सायकल काढली. कळवळा कमी, मिरवायची हौस जास्त. गावाबाहेर अर्ध्या मैलावर गेलो, उन्हानं डोकं फिरलं. एका बाभळीच्या बुंध्याला तांब्या रिकामा केला, सावलीत तासभर लोळलो आणि परत आलो.

"पाण्याला टेकवून सोडलंस न्हवं?" आप्पांनी पडल्या पडल्या विचारलं.

"व्हय आप्पा, अगदी अलगद."

त्यांनी माझ्या हातातनं दोरी घेतली आणि गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता त्यांचा हात थांबला. दोरी टोकापर्यंत कोरडी ठाक होती. ते एवढंच म्हणाले, "दमला असशील. पाणी पी."

दिवस मावळायच्या आत काकींनी पेज आणली, तर आप्पांनी आज नको म्हणून वाटी सरकवली. पोरानं वाटीकडं बघितलं, खुंटीवरच्या दोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला पळून वडूजला जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता सायकल जागेवर नव्हती. पोरगा सहाला परत आला, चेहरा लाल, आणि खुंटीला टांगलेल्या दोरीतनं जमिनीवर पाणी ठिबकत होतं. काकींनी दोघांना एकदम वाढलं. सुट्टी संपून तो सांगलीला गेल्यावर पाऊस पडेपर्यंत मी जात होतो, तेही मला कुणी न सांगता.

मग भादव्यात त्यांचं पर्युषण आलं. ते संपलं की हे लोक एकमेकांची क्षमा मागतात. आप्पांनी काकींची मागितली, गड्याची मागितली, गोठ्यात जाऊन म्हशीपुढंसुद्धा हात जोडले. मी खिडकीतनं बघून हसत होतो, तेवढ्यात ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्यापुढं हात जोडून म्हणाले, "उन्हाळ्यात मी तापात हट्ट धरला. तुला खोटं बोलाय लागलं ते माझ्यापायी. मनात ठेवू नगंस. क्षमा कर."

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी दंड धरून मला मधेच थांबवलं.

"थांब गड्या. खाली मुंगी हाय."

खरंच होती. तोंडात साखरेचा कण घेऊन उंबऱ्याकडं निघाली होती. तिला काही घाई नव्हती. माझे डोळे भरून आलेले, मान खाली, आणि दंडावर आप्पांचा हात. ती मुंगी उंबऱ्यापर्यंत कधी पोचूच नये, असं मला फार वाटत होतं.