एकेक पाटली

तारकर्लीत कुणाच्या तोंडात, गळ्यात नको ती गाठ आली आणि मालवणच्या डॉक्टरांनी "मुंबईला न्या" म्हटलं, की माणसं आधी देवळात जात आणि मग सुगंधा तारीच्या दारात. साठ सालानंतरच्या काळातली ही रीत. सुगंधा मासळी विकणारी बाई, पाटी-पेन्सिल हातात न धरलेली, पण मुंबईच्या इस्पितळाची वाट तिला पायाखालची. दारात आलेल्या रोग्याला ती वरपासून खालपर्यंत न्याहाळी आणि पहिलंच वाक्य तोंडावर फेकी, "आंगावरचा सोना घराकडे ठेवन ये. मगे बोलूया."

ऐकणाऱ्याला राग येई. इथे जिवाला घोर लागलाय आणि या बाईला सोनं सुचतंय! पण सुगंधाने लोकांच्या रागाची पर्वा कधीच केली नव्हती, आणि या बाबतीत तर बोलायचा तिला पुरेपूर हक्क होता.

अठ्ठावन्न साली ती पस्तिशीची होती. सकाळी मशेरी लावल्याशिवाय तिचं तोंड उघडत नसे, आणि एकदा उघडलं की मालवणच्या बाजारात दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे. बांगड्याच्या वाट्यावरून तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरत. त्याच सुगंधाच्या डाव्या गालात आतून एक फोड आला. तिने हळद लावली, पाला चघळला, मशेरी मात्र सोडली नाही. महिने गेले तरी फोड बरा होईना. तिखट जिभेवर ठेवलं की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ती हे घरात कुणाला बोलली नाही. तिचा घोव गुणाजी तसा अबोल, रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात, वाटा असलेला साधा माणूस. एक दिवस तो बाजारात गेला, तर गिऱ्हाईक मागेल त्या भावाला सुगंधा निमूटपणे मासळी देत होती. रात्री त्याने खोदून विचारलं, तेव्हा तिने गाल दाखवला. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी गालात बघितलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "कॅन्सर दिसतोय. पण लवकर आलात, बरा होण्यासारखा आहे. पावसाळा संपलाय, बोट सुरू झालीय, मिळेल त्या बोटीने मुंबई गाठा. तिथे ज्यांची ऐपत नाही त्यांच्यावर फुकट उपचार करतात, सरकार पैसा देतं. विचारतील ते खरं सांगा, म्हणजे झालं."

खरं सांगा! किती सोपं काम. पण तारकर्लीत गुणाजीची काकी यमुनाबाई राहत होती, आणि तिच्या घरावरून पुढे गेल्याशिवाय गावातून कोणी कुठे जात नसे.

निघायच्या आदल्या दिवशी यमुनाबाई शेजारच्या तिघी बायकांना घेऊन आली. सुगंधा अंगणात बसली होती. गळ्यात काळे मणी, हातात काच. यमुनाबाईने कपाळावर हात मारला.

"अशीच जातलंस? मोठो डॉक्टर आदी गळो बघता आणि मगे जीभ. तुका असा उघडा बघल्यानी तर दाराभायर बसवून ठेवतले."

सुगंधाकडे स्वतःचं सोनं नव्हतंच. जे होतं ते नव्या जाळ्यात गेलं होतं. मग यमुनाबाईने आपली मोहनमाळ काढून तिच्या गळ्यात घातली आणि हातातली एक पाटली उतरवली. एकच. सवाष्णीने सोन्याचा हात एकदम रिकामा करायचा नाही, ही तिथली रीत, म्हणून दुसरी तिने स्वतःकडे ठेवली. तिचं बघून शेवंतीने एक काढली, लक्ष्मीने एक, हरिश्चंद्राच्या बायकोने एक. सुगंधाच्या हातांत दोन-दोन पाटल्या झाल्या. एक जाड, एक बारीक, एक नक्षीची, एक सपाट. यमुनाबाईची इतकी सैल की आतून दोरा गुंडाळावा लागला. सुगंधाला रडू आवरेना. या बायका तिच्याशी बाजारात पाटीच्या जागेवरून कडाकडा भांडायच्या.

"आणि कोणी विचारल्यान तर तुझाच म्हणून सांग," यमुनाबाईने बजावलं. "लोकांचा घालून इली म्हणतले ता नको. माझी शपथ आसा तुका."

सुगंधाने मान हलवली.

उभा जन्म होडीत काढलेला गुणाजी बोटीवर इंजिनाच्या तेलाच्या वासाने आडवा झाला आणि आजारी सुगंधा त्याचं डोकं धरून बसली. भाऊच्या धक्क्यावर उतरून दोघं गावकऱ्यांच्या खोलीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून बघितला आणि सांगितलं की गालात रेडियमच्या सुया घालायच्या, मग काही आठवडे किरणांचा शेक द्यायचा. नीट होईल. फक्त दाखल व्हायच्या आधी पलीकडच्या खोलीतल्या बाईंना भेटून या.

त्या खोलीत विमलाबाई नावाची समाजसेविका बसत असे. कोणाला खाट फुकट द्यायची, कोणाकडून अर्धे पैसे घ्यायचे आणि कोणाकडून पुरे, हे तिने ठरवायचं, असा तिथला नियम. बाई शांत होती, पण तिला फसवणं सोपं नव्हतं. तिने घरदार विचारलं, धंदा विचारला. मग तिची नजर सुगंधाच्या हातांवर गेली.

"दागिने तुमचेच?"

सुगंधाने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी आपल्या पायांकडे बघत होता. शपथ आठवली, आणि खरं सांगायचं तर शपथेपेक्षा लाजच मोठी होती. परक्या बाईपुढे, घोवाच्या देखत, अंगावरचं सोनं लोकांचं आहे असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

"व्हय," ती म्हणाली. आणि एवढ्यावर थांबेल तर ती सुगंधा कसली! "आमच्याकडे असताच."

"मग फुकटची खाट तुम्हाला देता येणार नाही," विमलाबाई म्हणाली. "ती ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी आहे. पैशांची सोय करून या, लगेच दाखल करू."

किती पैसे ते तिने सांगितलं आणि गुणाजीने आकडा पुन्हा विचारून घेतला.

बाहेर बाकावर दोघं बसली. गुणाजी म्हणाला, "रापणीतलो वाटो विकतंय."

"आणि मगे खातलो काय?"

"तू ऱ्हवशीत मां."

सुगंधाने त्याच्याकडे नीट बघितलं. एवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले असतील ते तिला कळलं. तिला मरायची भीती वाटली, अगदी उघडी भीती. पण त्याहून जास्त संताप आला. यमुनाबाईवर, तिच्या शपथेवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. बाजारात जगाला चार शब्द ऐकवणारी मी, इथे एक खरा शब्द बोलायला माझी जीभ टाळ्याला चिकटते? वाटा गेला की गुणाजी दुसऱ्याच्या रापणीवर मजूर होणार, तेही आपल्या तोऱ्यापायी. ती ताडकन उठली आणि पुन्हा त्या खोलीत शिरली. गुणाजी मागोमाग धावला.

"बाई, मी खोटा बोललंय. ह्या सोना माझा न्हय."

विमलाबाईने मान वर केली. तिचा आवाज थकलेला होता. "पैशांचं ऐकलं की सगळे हेच सांगतात हो."

आता आली का पंचाईत? खोटं लगेच पटलं आणि खरं पटेना. सुगंधापुढे दुसरं काही उरलंच नव्हतं. तिने मोहनमाळ काढून टेबलावर ठेवली. मग पाटल्या ओढल्या. तीन निघाल्या, लक्ष्मीची घट्ट होती, ती निघता निघता हात सोलवटून गेली. चार पाटल्या टेबलावर पडल्या. हात नुसते काचेचे राहिले.

विमलाबाई पाटल्यांकडे बघत राहिली. तिने एक उचलली, दुसरी उचलली. सैल पाटलीच्या आतला दोरा तिच्या बोटाला लागला.

"यातली एकही जोडी नाही," ती म्हणाली. "प्रत्येकीची दुसरी कुठे आहे?"

"तेंच्या हातात."

"कुणाच्या?"

"जेनी दिल्यानी तेंच्या. सवाष्णीन हात मोकळो करूचो नाय, म्हणून एक-एक दिल्यानी. तुमी माका बरा बघशात म्हणून." आणि मग सुगंधाला हुंदका फुटला. "तेंका वाटला, सोना बघून तुमी माका भायर बसवूचास नाय."

 विमलाबाईने चारही पाटल्या आणि माळ एकत्र केली, सुगंधाचा पदर पुढे ओढला आणि त्यात ठेवून स्वतःच्या हाताने गाठ मारली.

"म्हणजे आज तुमच्या गावात चार बायका एकेक पाटली घालून फिरतायत?"

"व्हय."

"नियमात एवढंच आहे, की ऐपत नाही याची माझी खात्री पटली पाहिजे," विमलाबाई म्हणाली आणि लिहायला लागली. "पटली. जा, खाट रिकामी आहे."

गुणाजी तिथेच लहान पोरासारखा रडला. सुगंधाला त्याची लाज वाटली नाही. छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी समजलं.

पुढचं सोपं नव्हतं. सुयांचे दिवस ती कूस बदलू शकली नाही, आणि शेकाने गाल आतून भाजून निघाला. पेजेचा घोट गिळायला अर्धा तास लागे. गुणाजी धक्क्यावर हमाली करी आणि भेटायच्या वेळी न चुकता येऊन बसे. हळूहळू आग शमली, खपली धरली. शिमग्याच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं की फोड गेला, आता मशेरीला हात लावाल तर माझ्याकडे येऊ नका. गुणाजीने पैसे भरायच्या खिडकीवर तीनतीनदा विचारलं, "काय्येक देवक नको?" शेवटी तिथला कारकून वैतागला.

घरी परतल्यावर अंगणात चौघी जमल्या. सुगंधाने पदराची गाठ सोडून सोनं ओट्यावर ठेवलं. गाल एका बाजूने ओढल्यासारखा झाला होता, शब्द जरा बोबडे येत होते. मुंबईच्या सगळ्या सुयांपेक्षा तिला आता यमुनाबाईची भीती वाटत होती.

"काकी, मी सांगून टाकलंय. सोना माझा न्हय, शेजारणींचा म्हणून. शपथ मोडलंय तुझी."

यमुनाबाईचा चेहरा लाल झाला. "सगळ्या मुंबैक सांगलंस?"

"सांगला नसता तर वाटो विकूक लागतो. नायतर मी मरतंय."

 यमुनाबाई पुढे आली, तिने सुगंधाची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उन्हाकडे वळवलं.

"आ कर."

सुगंधाने आ केला. यमुनाबाईने आत वाकून बघितलं, पुन्हा बघितलं, बोटाने ओठ बाजूला सारून बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"काय नाय गो आता हयसर," ती म्हणाली. "शेवंते, बघ गो, काय्येक नाय."

मग शेवंतीने बघितलं, लक्ष्मीने बघितलं, हरिश्चंद्राच्या बायकोने बघितलं, आणि कुणाचंच एकदा बघून समाधान होईना. सुगंधा आ करून उभी होती, तिचा जबडा दुखायला लागला होता. पाटल्या ओट्यावर तशाच पडल्या होत्या. त्या उचलायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.