कोरा रकाना

बाटलीसाहेब पाण्याचा नमुना घेताना कोणाशी बोलत नसत. अंगठ्याएवढी काचेची बाटली काठोकाठ भरायची, बूच लावायचं, उलटी करून उजेडाकडे धरायची. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी पाणी ओतून पुन्हा पहिल्यापासून. "पेट्रोल त्या बुडबुड्यात पळतं," ते म्हणत. "मग लॅब सांगते पाणी चांगलं, आणि तुम्ही ते पिता."

पालीच्या अलीकडे रस्त्यालगतच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळली आणि आमच्या विहिरीला पेट्रोलचा वास आला, तेव्हापासून ते सरकारी खात्यातर्फे दर पंधरवड्याला पाणी तपासायला येत; बाटलीसाहेब हे नाव वाडीनेच पाडलेलं. पंपाच्या आवारातली माती खणून ट्रकने नेली होती. बोअर मारून खालचं पाणी उपसायचं आणि कोळशाच्या टाक्यांतून गाळायचं काम चालू होतं. साहेब सोलापूरकडचे. वाडीतले म्हणत, "थेंबभर पाण्यापायी बादल्या ओततायत. घाटावर पाऊस लय झाला काय?" ते हसत आणि पुन्हा ओतत.

आल्याआल्या ते टेप सोडून विहिरीची पातळी मोजत. मधल्या काळासाठी त्यांनी मला एक वही आखून दिली. दर रविवारी पातळी लिहायची. आकड्यांची मला आवड, तेव्हा हे काम मी मनापासून केलं. त्यांची अट एकच होती. विहिरीवरचा पंप चालवायचा नाही. "तुम्ही उपसलंत की जांभ्या दगडाच्या भेगांतून पेट्रोल तुमच्याकडे ओढलं जाणार. तुमच्या खाली काकींची विहीर आहे."

शेवंतीकाकींची विहीर चांगली राहिली होती. आमच्यासह चार घरं तिच्यावर पीत होती.

एप्रिलात माझी नवी सतरा कलमं माना टाकू लागली. आमच्या विहिरीचे लागोपाठ दोन अहवाल मर्यादेच्या आत आले होते. मी हिशेब केला आणि रोज सकाळी वीस मिनिटं पंप चालवला. अकरा दिवस. मधल्या रविवारी पातळी मोजली तर ती दीड हात खाली होती. खोटा आकडा लिहिणं जमलं नाही, म्हणून रकाना कोरा ठेवला.

पुढच्या फेरीला साहेबांनी टेप वर घेतला, वही उघडली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय, भाऊ?"

"राहिलं लिहायचं."

"तुमचं राहत नाही." त्यांनी वही मिटली. "हा बुडबुडाच झाला की ओ."

मी सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. काकींच्या विहिरीचे नमुने घेतले, बर्फाच्या पेटीत ठेवले आणि म्हणाले, "अहवाल येईस्तोवर हे पाणी बंद. काकींना तुम्हीच सांगा."

काकी तेव्हा कळशी घासत होत्या. ऐकून हात थांबला. "झाडांना पाणी हवं होतं तर माझ्याकडनं न्यायचंस. मी काय नाय म्हटलं असतं?" एवढंच बोलल्या आणि कळशी पालथी घातली.

आठ दिवस चार घरं टँकरवर होती. कळशा माझ्या दारावरून रिकाम्या जात. काकींचा अहवाल चांगला आला आणि टँकर बंद झाला. साहेबांनी तरी आणखी तीनदा नमुने घेतले, शेवटचे पावसाळा संपल्यावर. मग म्हणाले, "आता बिनघोर प्या." आमच्या विहिरीचा आकडा मात्र दुप्पट झाला होता. सतरांतली सहा कलमं गेली.

पुढे साहेबांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. शेवटच्या फेरीला आमच्या विहिरीवर त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि पाठ करून पेटी आवरू लागले. मी भरली, उलटी केली. कडेला एक बुडबुडा होता, मोहरीहूनही बारीक. त्यांनी पाहिला नव्हता. मी पाणी ओतलं आणि पुन्हा भरली. तेही ओतलं. तिसऱ्यांदा स्वच्छ भरली.

त्यांनी बाटली घेतली, पण उजेडाकडे धरली नाही. चिठ्ठीवर 'नमुना घेणारा' या शब्दांपुढे माझं नाव लिहिलं आणि बाटली बर्फात ठेवली.

वही अजून माझ्याकडे आहे. दर रविवारी भरतो. तो एक रकाना कोराच ठेवला आहे.