सुपाखालच्या बल्ल्या

ते पडलं असतं तर आज आमच्या भिंतीवर दोन फोटोंना हार असते.

हेमराजला, माझ्या नवऱ्याला, जाऊन आज वर्ष झालं.

तो शिल्पकार होता. संगमरवर वगैरे नाही हं. सिमेंट, रेती, गिट्टी, सळाख. घर बांधायला जे लागतं तेच.

गोरेगावच्या बाजारात बायका विचारायच्या, "तुमचे मिस्टर मिस्त्री आहेत का?" मी हो म्हणून मोकळी व्हायचे. कोण समजावत बसेल.

त्याचं शेवटचं काम घरामागच्या सांदवाडीत आहे. सिमेंटचं सूप. धान पाखडताना बाई धरते तसं तिरपं, पण एवढं मोठं की खाली आख्खं घर जेवायला बसेल. एकाच खांबावर तोललेलं, बाकी सगळं अधांतरी.

सेंट्रिंगच्या फळ्यांवर त्यानं बांबूची चटई अंथरली होती. म्हणजे सिमेंटवर खालच्या बाजूनं सुपाची वीण उमटेल. आणि फळ्यांना खालून बल्ल्यांचा, म्हणजे लाकडी वाशांचा आधार.

वर सिमेंट ओतून ढलाई झाली. संध्याकाळी सगळे मटण-भात खाऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पाणी मारता मारता तो खाली बसला. "छातीत कसंतरी होऊन राहिलं," म्हणाला.
गोंदियाला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरात रडारड चाललेली, आणि माय, म्हणजे माझ्या सासूबाई, पाइप घेऊन त्या ओल्या सुपावर पाणी मारत होती. डोळ्यात टिपूस नाही.
"सुकलं त तडकन," एवढंच बोलायची.

मग बल्ल्या काढायची वेळ आली. सेंट्रिंगवाले फागूभाऊ आले. चारी बाजूंनी फिरले. आणि गाडीला किक मारली.

"वहिनी, ज्याच्या हातानं बल्ली लागली त्याच्याच हातानं निघते. आमच्यात असंच आहे. आन् हे त हेमराजनं घरच्या घरी बांधलं. आत किती सळाख आहे, कोणाले मालूम?"

खरंच कोणालाच मालूम नव्हतं. ड्रॉइंग त्यानं जमिनीवर चुन्यानं काढलं होतं. ते कधीच पायाखाली पुसलं गेलं.

माझा भाऊ इंजिनिअर आहे. तो आमगावहून आला, लांबूनच बघितलं. "ताई, एका खांबावर एवढं वजन? आज नाही तर उद्या येते खाली. ब्रेकर बोलाव आणि फोडून टाक."

माय दारातच उभी होती.
"फोडायचं असन त मले खाली बसवून फोडा."

झालं. विषय बंद.

त्यानंतर मी फक्त भीत जगले.

वारा सुटला की मी मागच्या दारात. उन्हानं सिमेंट टक वाजलं की गॅसवरचं दूध सोडून धावायचे. कारण माय रोज दुपारी तिथेच बसायची. बल्ल्यांच्या मधात, मांडीवर ताट घेऊन, तांदूळ निवडत.

मी जुनं लुगडं आडवं बांधून रस्ता अडवला. तिनं ते सोडलं आणि गोधडीला लावलं.

"माय, उठा ना तिथून. पडलं म्हणजे?"
"काऊन व? माह्या पोरानं केलं, ते माह्यावर पडन का?"



खरं सांगते, मला हेमराजचाच राग यायचा. स्वतः सुटला आणि हे आमच्या डोक्यावर ठेवून गेला.

मागच्या आठवड्यात झाडताना एका बल्लीवर मातीची रेघ दिसली. नखानं खरवडली.
उधई. वाळवी लागली होती.
सगळ्या बल्ल्यांना.

त्या अचानक मोडण्याआधी एकेक नीट काढायलाच हव्या होत्या. फागूभाऊला फोन लावला. ते आले, पण हात लावायला तयार नाहीत. मीच हातोडी उचलली, तर मायनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"हेमराज पाचर ठोकून राहिला होता, तवा बल्ली कोण धरली होती? मीच ना? मंग माहाच हात लागला."

फागूभाऊ बाजूला सरकले. त्यांच्याच नियमात ती बसत होती.

आज सकाळी त्यांनी मायच्या कमरेला दोर बांधला. विहिरीत माणूस उतरवतात तसा. दुसरं टोक माझ्याकडे. जरा आवाज आला की ओढायचं, हिसका देऊन.
मी देवाचं नाव घ्यायला गेले, एकही आठवलं नाही.

मायनं पाचरीवर हातोडी मारली. मी डोळे मिटले.

बल्ली जमिनीवर पडल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

"इकडं पाय," माय म्हणाली. मी डोळे उघडून पाहिलं.

बल्लीचं वरचं टोक उधईनं पार खाल्लेलं. नुसती माती लिंपलेली राहिली होती. दुसरी तशीच. तिसरीचा तर हातात भुसा झाला.

एकही बल्ली काही पेलत नव्हती. सूप आपलं आपणच उभं होतं. कधीपासून, देव जाणे. वादळात, पावसात. आणि खाली माय.

हे टाइप करताना दोनदा उठून बघून आले. उभंच आहे.

फागूभाऊंनी सब्बलीनं, लोखंडी पहारीनं, फळ्या ओढून काढल्या. वीण उमटली आहे. अगदी काडी न् काडी.

माय मान वर करून बघत राहिली. मग हात लावून म्हणाली, "कोना चुकला त्याचा. सुपाचा कोना असा नसते."

आणि रडली. वर्षात पहिल्यांदा.

रडता रडताच मला म्हणाली, "दोर सोड व आता."

माझ्या मुठीच उघडेनात. फागूभाऊंनी माझं एकेक बोट सोडवलं.

हेमराज, तुझं सूप उभं आहे. माय बरी आहे.
तू आता निवांत जा.

तुला आम्हा दोघींची श्रद्धांजली.